तिसरी रांग, शेवटची पंगत

आमच्या जित्याच्या घरात गेले दोन महिने एकच वाद चालू आहे. दादाला मोठी गाडी घ्यायची आहे. घ्यावी की नाही हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला. आता उरले आहे ते एवढेच की ती दोन रांगांची असावी की तीन रांगांची. शोरूममधून आणलेली गुळगुळीत पत्रके ओटीवर पडलेली आहेत, पुतण्याने तुलनेचे तक्ते मोबाइलवर पाठवलेले आहेत, आणि घरातल्या प्रत्येकाचे मत (एका व्यक्तीचा अपवाद सोडून, तिला कोणी विचारलेलेच नाही) ठरलेले आहे. आपले कुटुंब मोठे, तेव्हा गाडी तीन रांगांची, हे ते मत. माझा त्याला विरोध आहे. तो घरात मांडून झाला, कोणी मनावर घेतला नाही, म्हणून इथे सविस्तर मांडते. मराठी शिकवणाऱ्या बाईने मोटारींच्या भानगडीत का पडावे, असे ज्यांना वाटेल त्यांनी थोडा धीर धरावा.

जिते पेण तालुक्यात येते. पनवेलहून निघाल्यावर कर्नाळ्याची खिंड आणि खारपाड्याचा पाताळगंगेवरचा पूल मागे पडला की लागते. पनवेल–रोहा लोहमार्गावर आपटा आणि हमरापूर यांच्या मध्ये त्याचे छोटेसे स्टेशन आहे. महामार्गाशी गावाची जुनी सोयरीक, आणि सोयरिकीत असतात तशा कुरबुरीही. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि एका तपाहून अधिक काळ रेंगाळले. त्या रुंदीकरणात आमच्या शेताची एक पट्टी गेली. तिचा मोबदला आला, बँकेत पडून राहिला, आणि आता त्यातून गाडी येणार आहे. रस्त्याने जमीन नेली, जमिनीचे पैसे त्याच रस्त्यावर धावणार. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा एकूण कर पन्नास टक्क्यांवरून चाळीसवर आला, तेव्हा तर दादाला धीर धरवेना.

दादाचा युक्तिवाद टाकाऊ नाही, आणि तो त्याच्या बाजूने मांडला पाहिजे. दादा, वहिनी, त्यांची दोन मुले, आई, आत्या आणि मी अशी आम्ही सात माणसे. पाच जागांची गाडी घेतली तर प्रत्येक वेळी दोघांना मागे ठेवावे लागणार. ‘कोणाला सांगू मी, तू येऊ नकोस म्हणून?’ असे तो विचारतो, आणि त्याच्या स्वरात खरी कळकळ असते. वडील गेल्यापासून घर बांधून ठेवण्याची जबाबदारी आपली, असे तो मानतो. तो पनवेलला, मी ठाण्याला, आई आणि आत्या जित्याला. एकत्र राहणे आता होणे नाही, निदान एकत्र प्रवास तरी करावा, अशी त्याची इच्छा आहे. जाहिरातवाल्यांना ही इच्छा पुरती ठाऊक आहे. मोठ्या गाडीच्या जाहिरातीत हटकून एक आजी असते, ती हसत असते, आणि चित्रात ती कधीही तिसऱ्या रांगेत चढताना दिसत नाही.

आता प्रत्यक्ष गाडीकडे वळू. दादापुढे असलेल्या मॉडेलांची नावे घेत नाही. सर्वांना माहीत असलेले एक उदाहरण पुरेसे आहे. टाटांची हॅरियर जानेवारी २०१९मध्ये आली, पाच जागांची. फेब्रुवारी २०२१मध्ये त्याच सांगाड्यावर बेतलेली नवी सफारी आली, सहा आणि सात जागांची. बाजारात आली तेव्हा हॅरियरची लांबी ४५९८ मिलिमीटर होती, सफारीची ४६६१. फरक ६३ मिलिमीटरचा, म्हणजे चार बोटेही नाहीत. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर दोन्हींत तेच, २७४१ मिलिमीटर. ह्युंदाईने क्रेटावरून अल्काझार केली तेव्हा हे अंतर १५० मिलिमीटरने वाढवले. तेही वीतभर होत नाही. मग चार बोटांत दोन माणसे मावली कुठे? डिकीत. हॅरियरची डिकी ४२५ लिटरची होती; सफारीच्या तिन्ही रांगा उभ्या असताना मागे उरतात ७३ लिटर. तिसरी रांग म्हणजे घराला काढलेली जास्तीची खोली नव्हे, कोठीच्या खोलीत घातलेले अंथरूण आहे. यात कोणी काही लपवलेले नाही. आकडे उघड असतात, आपण ते वाचत नाही.

आणि कोकणात (पेण कोकणातच येते, तळकोकणातले लोक काहीही म्हणोत) माणसे आणि सामान एकाच दिवशी निघतात. गणपतीला, होळीला, लग्नाला. तांदळाचे पोते, नारळ, अंथरूण-पांघरूण, मुलांच्या बॅगा, फराळाचे डबे. आमच्या शेजारचे हमरापूर, जोहे, तांबडशेत हे सारे पट्टे गणपतीच्या कारखान्यांचे. श्रावणात तिथे मूर्ती न्यायला येणाऱ्या गाड्यांची रांग मी लहानपणापासून पाहते आहे. त्या रांगेत तीन रांगांची गाडी घेऊन आलेला मनुष्य पहिली गोष्ट कोणती करतो? तिसरी रांग पाडतो. देवाला जागा करायची तर माणसांची जागा मिटवावी लागते. सात माणसे हवीत तर सामान टपावर, सामान आत हवे तर पाचच माणसे. म्हणजे वर्षातल्या ज्या चार दिवसांसाठी म्हणून ही गाडी घ्यायची, नेमक्या त्याच चार दिवसांत ती आपला शब्द पाळत नाही. मी गेल्या वर्षाचा हिशेब काढला. आम्ही सातही जण एका वेळी, एका दिशेने निघालो असे प्रसंग तीन: कार्ल्याची एकवीरा, रोह्याचे एक लग्न आणि एक बारसे. बाकीचे दिवस गाडीत दादा एकटा, फार तर वहिनी.

तरीही डिकीचा मुद्दा दुय्यम मानते. ज्याला टपावर कॅरिअर बसवायचा त्याने खुशाल बसवावा. माझा आक्षेप आहे तो त्या सीटवर कोण बसणार, याविषयी.

पनवेलच्या एका शोरूममध्ये आम्ही सारे गेलो होतो. दादा चालकाच्या जागी बसला, वहिनी शेजारी, मुलांनी मधल्या रांगेतल्या दोन ऐसपैस ‘कॅप्टन सीट’ बळकावल्या. विक्रेता मुलगा मोठा अदबशीर. तो म्हणाला, ‘आजींना मागे बसवून बघा ना.’ आत्याचे वय एकाहत्तर. तिसऱ्या रांगेला स्वतःचे दार नसते. मधली सीट पुढे दुमडायची, फटीतून एक पाय आत घालायचा, मान वाकवायची, कुठल्या तरी कडेला हात घट्ट धरायचा आणि दुसरा पाय ओढून घ्यायचा. नऊवारी नेसणाऱ्या बाईने हे कसे करावे याचा विचार कोणत्याही अभियंत्याने केलेला दिसत नाही. आत्या बसली. खाली चाकांचा आस असल्याने तिथली जमीन उंच आणि सीट बुटकी, त्यामुळे गुडघे छातीशी आले. शेजारी एक त्रिकोणी काच. आत्याने ती बोटाने चाचपली आणि विचारले, ‘ही उघडत नाही का रे?’ मुलगा म्हणाला, ‘नाही आजी, पण तुमच्यासाठी एसीची वेगळी जाळी आहे.’ आत्या म्हणाली, ‘बरं.’

त्या ‘बरं’चा अर्थ दादाने होकार असा लावला. मी तो शब्द गेली पन्नास वर्षे ऐकते आहे. त्याचा अर्थ होकार असा कधीच नव्हता.

खड्ड्याचा धक्का गाडीत सर्वांना सारखा बसत नाही, हे ज्याने एसटीच्या शेवटच्या बाकावरून प्रवास केला आहे त्याला सांगायला नको. दोन आसांच्या मध्ये बसलेल्याला तो विभागून मिळतो, मागच्या आसावर बसलेल्याला अख्खा. मुंबई–गोवा महामार्गाचा आमचा तुकडा डोळ्यांपुढे आणावा आणि एकाहत्तर वर्षांचा कणा त्यावर ठेवून पाहावा. मागून कोणी धडक दिली तर पाठ आणि काच यांच्यामध्ये फारसे काही नसते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मागच्या सीटवर बसलेले असताना मृत्यू झाला. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर मागे बसणाऱ्यालाही पट्टा हवा, ही गोष्ट देशाला एकाएकी आठवली. नियम आधीपासून होता. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२पासून तो सर्व प्रवाशांना लागू करण्याचे जाहीर केले. दुसऱ्या रांगेला एवढा मोठा माणूस गमवावा तेव्हा लक्ष मिळाले. तिसऱ्या रांगेत मोठी माणसे बसतच नाहीत, तिच्याकडे लक्ष जावे कसे?

इथे कोणी म्हणेल, पूर्वी काय मोठे सुख होते? नव्हतेच. पेण–अलिबाग रस्त्यावरच्या मिनीडोरमध्ये आम्ही कोंबून बसलो आहोत. सातारा-कोल्हापुराकडे वडाप आणि विदर्भात काळी-पिवळी यांतून अर्धा महाराष्ट्र हिंडला आहे. ट्रॅक्सच्या मागच्या समोरासमोरच्या बाकड्यांवर गुडघ्याला गुडघा लागत असे. १९९४ साली सुमो आली (सुमंत मुळगावकरांच्या नावातली आद्याक्षरे घेऊन) तेव्हाही मागे बसणाऱ्याची हाडे खिळखिळी व्हायचीच. पण वडापच्या मागच्या बाकड्यावर जो बसे तो भाडे देऊन बसे, आणि जो आधी आला तो पुढे, हा तिथला नियम. उशिरा आलेला सरपंचही मागे लोंबकळत गेलेला पाहिला आहे. घरच्या गाडीत आधी येण्याला किंमत नाही. तिथे जागा नात्याने ठरते, आणि नात्यात ज्याचा आवाज सर्वांत लहान त्याची जागा सर्वांत मागे.

आपल्याकडे या व्यवस्थेला जुना शब्द आहे: पंगत. पहिली पंगत पाहुण्यांची आणि पुरुषांची, मग मुलांची, आणि वाढणाऱ्या बायकांची शेवटची. तोवर श्रीखंडाचे पातेले खरवडायला आलेले असते. त्या पंगतीत कोणी कोणाला ‘तू शेवटी जेव’ असे सांगत नाही. सांगावे लागत नाही, यातच तिचे सामर्थ्य. मराठीतल्या स्त्रियांच्या आत्मकथनांनी या शेवटच्या पंगतीबद्दल पुष्कळ लिहून ठेवले आहे, आपण ते वर्गात शिकवतो, ‘केंद्र’ आणि ‘परीघ’ हे शब्द फळ्यावर लिहितो, विद्यार्थी उतरवून घेतात. मीही लिहिते. आणि मागच्या दिवाळीत मित्राकडून मागून आणलेल्या तीन रांगांच्या गाडीने आम्ही कार्ल्याला गेलो तेव्हा मी मधल्या रांगेत खिडकीशी बसले होते, आत्या मागे. खंडाळ्याच्या घाटात ती दोनदा ओकली. तिने पिशवी बरोबर आणली होती. ही गोष्ट लिहायला मला जड जाते आहे, पण ती वगळून बाकीचे लिहिण्याचा अधिकार मला नाही.

आता साहित्याच्या लोकांशी थोडे भांडते. दादाच्या तोंडी जे ‘मोठे कुटुंब’ आहे ते त्याला जाहिरातीने दिले तसे आपणही दिले आहे. एकत्र कुटुंब मोडल्याचा शोक हा मराठी समीक्षेचा आणि परीक्षेतल्या प्रश्नांचा आवडता सूर. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली रंगभूमीवर आले; तेव्हापासून ‘एकत्र कुटुंबाच्या विघटनाची शोकांतिका’ हे त्याच्यावरचे लेबल निघालेले नाही. मला त्या नाटकातला अंगणात गंजत उभा असलेला ट्रॅक्टर आठवतो. तो घरातून हलत नाही, कामाला येत नाही, अंधारात माणसे त्याला अडखळतात. तरी तो तिथे आहे, कारण तो घराण्याच्या ऐपतीचा पुरावा आहे. आणि मला शिकायचे राहून गेलेली, अविवाहित प्रभा आठवते. त्या देशपांड्यांनी आज ट्रॅक्टरऐवजी सात जागांची गाडी घेतली असती तर प्रभा कुठे बसली असती, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहावे. विघटनाची चर्चा करा, या प्रश्नापेक्षा उत्तरे बरी येतील, असा माझा अंदाज आहे.

इरावती कर्व्यांनी १९५३च्या आपल्या नातेव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथात एकत्र कुटुंबाची लक्षणे दिली आहेत: एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक देवधर्म आणि आपसांतले नाते. एकत्र बसून प्रवास करणे त्यांत नाही. सामाईक मालमत्ता आहे. पुढे १९६४ साली आय. पी. देसाई यांनी गुजरातेतल्या महुवा गावाच्या अभ्यासातून दाखवले की वेगळे राहणाऱ्या कुटुंबांतही कर्तव्यांचे आणि मालमत्तेचे धागे शाबूत असू शकतात. एकत्रपणा छपरावरून मोजू नये. मग तो सीटवरून तरी का मोजावा? मालमत्तेवरून मोजू या.

आजोबा गेले तेव्हा सातबाऱ्यावर वारस म्हणून आत्याचेही नाव लागायला हवे होते. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायदा दुरुस्त करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने बसवले. त्याआधीही, १९५६च्या कायद्याने, बापाच्या वाट्यात तिला हिस्सा होताच. आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली. आमच्या भागात बहिणी ती करतात. न करणारीला माहेर तुटते. पेणच्या कचेरीत एका सकाळी काम झाले, येताना सर्वांनी उसाचा रस घेतला. कोणी तिला फसवले नाही, दमदाटी केली नाही, वडिलांनी तिला आयुष्यभर सांभाळले, आणि दादाही सांभाळतो आहे. हे मी मनापासून मान्य करते. पण ज्या शेताची पट्टी रस्त्यात गेली त्या शेतात तिचा हिस्सा होता, आणि त्या पट्टीच्या पैशांतून येणाऱ्या गाडीत तिच्या वाट्याला येते आहे ती न उघडणारी त्रिकोणी काच.

माझ्या म्हणण्यावर दादाने एक आक्षेप घेतला, तो बिनतोड वाटतो: ‘दोन रांगांची घेतली तर आत्या घरीच राहील, ते चालेल तुला?’ बहुतेक घरांत तसेच होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. माझे काही मित्र दोन रांगांच्या बाजूने आहेत ते पर्यावरणाच्या किंवा ‘छोट्या कुटुंबा’च्या नावाने, त्यांच्या हिशेबात आत्या मुळात धरलेलीच नसते, त्यांच्याशी माझे जमायचे नाही. पण दादाच्या प्रश्नाचे उत्तर मी देते. पाच जागांच्या गाडीत सात माणसे मावत नाहीत, म्हणून निघायच्या आदल्या रात्री विचारावेच लागते: कोण येणार, कोण राहणार, कोण रेल्वेने येणार? आवाज चढतात, मुले रुसतात, कोणी तरी म्हणते की गेल्या खेपेला मी राहिले होते. ज्याला मागे ठेवायचे त्याचे नाव उच्चारावे लागते, त्याच्या तोंडावर. तिसरी रांग हे भांडण होऊ देत नाही. ते आधीच सीटच्या गाद्यांमध्ये शिवून टाकलेले असते. मला ते भांडण हवे आहे. पन्नास वर्षे आमच्या घरात ते झाले नाही, म्हणून आत्याला मत आहे की नाही हेच कोणाला ठाऊक नाही.

आणि पर्याय नाहीत असेही नाही. वर्षातल्या तीन प्रसंगांना पेणहून मोठी गाडी चालकासह भाड्याने मिळते. त्या दिवशी दादालाही खिडकीबाहेर पाहता येईल. बाकी वेळी पाच जागांच्या गाडीत मधल्या रांगेत आत्याला दार उघडून नीट बसता येईल, काच खाली करता येईल, आणि दोन धडधाकट पुतवंडे जित्याच्या स्टेशनावरून गाडी पकडू शकतील. स्वतः आत्या रोह्याला जायची ती नेहमी रेल्वेनेच; डब्यात वारा लागतो, बायका भेटतात, हे तिचे कारण. हे मला गेल्या आठवड्यात कळले, कारण गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदा तिला विचारले. गाडी कोणती घ्यावी, हेही विचारले. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, ‘उतरायला सोपी असेल ती घ्या. चढायचं काय, ढकलतं कुणीतरी.’

दादाने अजून आगाऊ रक्कम भरलेली नाही. येत्या रविवारी शोरूमवाले तीन रांगांची गाडी दिवसभरासाठी जित्याला पाठवणार आहेत. मी दादाला कळवले आहे की गाडी मी चालवीन, आत्या माझ्या शेजारी बसेल, आणि खारपाड्यापासून वडखळपर्यंत तो तिसऱ्या रांगेत बसेल, जाऊन-येऊन. त्याने अद्याप उत्तर पाठवलेले नाही. वहिनीने मात्र हसणारे चिन्ह पाठवले आहे.